जुना पॉप-अप कॅम्पिंग ट्रेलर मिनिव्हॅनमागे ओढायला घ्यावा का?

तुमचा प्रश्न असा: डेट्रॉइटजवळ राहता, दोन मुलं, उन्हाळ्यात भारतातून आईवडील येतात. तंबूत जमिनीवर झोपणं त्यांना जमत नाही आणि मोठा ट्रेलर ओढायला ट्रक नाही, मिनिव्हॅन आहे. कोणीतरी २००६ चा पॉप-अप विकतंय, तो शनिवारी बघायला जाणार आहात. घ्यावा का, व्हॅन ओढेल का, आणि उभा करायचा किती खटाटोप असतो?

घ्या. आम्ही ग्रँड रॅपिड्सजवळ राहतो, आमच्याकडे असा ट्रेलर नऊ वर्षं आहे. माझ्या सासूबाई त्यांच्या बहात्तराव्या वर्षी त्यात मिशिगन सरोवराकाठच्या लडिंग्टनला चार रात्री राहिल्या आणि निघताना म्हणाल्या, पुढच्या वेळी आठवडाभर राहू. पण ट्रेलर कुठला घ्यायचा आणि कुठल्यापासून लांब राहायचं, हे ठरवायला माझ्या मते एकच कसोटी आहे. पाणी कुठे शिरलंय का? याला इंजिन नाही, गिअर नाही, मोडण्यासारखं फार काही नाही. मोडतो तो ओलीने. मी मूळची चिपळूणची. पावसाळ्यात बंद कपाटातल्या साड्यांचं काय होतं ते लहानपणापासून पाहिलंय, त्यामुळे हे मला लवकर कळलं.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: पॉप-अप म्हणजे चाकांवरची छातीएवढ्या उंचीची पेटी. हँडल फिरवलं की छत चार कोपऱ्यांतल्या खांबांवर वर चढतं. दोन टोकांचे पलंग ड्रॉवरसारखे बाहेर ओढायचे. छत आणि पेटी यांच्या मधल्या भिंती कॅनव्हासच्या. आत बाकडी, रात्री पलंग होणारं टेबल, छोटा ओटा, शेगडी, फ्रिज.

आधी व्हॅनचा हिशोब, कारण तो जमला नाही तर बाकीचं बोलण्यात अर्थ नाही. इथल्या बहुतेक मिनिव्हॅनची ओढण्याची मर्यादा ३,५०० पौंड असते, पण ती योग्य हिच (गाडीच्या मागचा ट्रेलर जोडायचा सांगाडा) आणि कंपनीने सांगितलेला, गिअरबॉक्सचं तेल थंड ठेवणारा कूलर बसवलेला असेल तरच. काही गाड्यांच्या पुस्तिकेत आत जितकी माणसं जास्त तितका हा आकडा कमी होत जातो, म्हणून स्वतःच्या गाडीची पुस्तिका वाचा, दुकानदाराच्या तोंडच्या आकड्यावर जाऊ नका. आमचा ट्रेलर रिकामा १,८५० पौंडांचा. पाणी, गॅस, बॅटरी, भांडी, अंथरुणं, मुलांच्या सायकली धरून आम्ही तो ट्रक थांब्यावरच्या वजनकाट्यावर घातला तर २,४८० भरला. सहाशेच्या वर पौंड नुसतं सामान! कागदावरचं रिकामं वजन धरून निर्णय घेऊ नका, ते सांगायला हा आकडा पुरे.

तरीही ३,५०० च्या आत आहोत, मग अडचण कुठे? अडचण व्हॅनच्या आत आहे. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर एक स्टिकर दिसेल. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते त्यावर लिहिलेलं असतं. आमच्या स्टिकरवर १,२५० पौंड आहे. आम्ही दोघं ३००, मुलं दोन मिळून १४०, सासू-सासरे २७०. झाले ७१०. ट्रेलरचं तोंड हिचच्या बॉलवर, म्हणजे ज्या गोळ्यावर ते बसतं त्यावर, जेवढं दाबतं तेही याच खात्यात धरायचं. ते ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावं लागतं, आमचं २६०. एकूण ९७०. उरले २८० पौंड, म्हणजे आठवड्याचं सामान जेमतेम. आईवडील असतील तेव्हा तुम्हीही हाच हिशोब मांडा. आणि तोंडावरचं वजन कमी करायला म्हणून जड सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला भरू नका. मागे जड झालेला ट्रेलर हायवेवर शेपटी हलवायला लागतो. तसं कधी झालंच तर ब्रेक दाबायचा नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, आणि ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक चालवणारा, ड्रायव्हरजवळ बसवलेला डबा) असेल तर त्याच्या बटणाने फक्त ट्रेलरचे ब्रेक हलकेच लावायचे. ट्रेलरला विजेचे ब्रेक असतील तर व्हॅनमध्ये कंट्रोलर आणि सात पिनांचं सॉकेट बसवून घ्याच. तो खर्च वाचवू नका.

ओढायला पॉप-अप खरोखर सोपा आहे. बंद असताना व्हॅनपेक्षा बुटका, त्यामुळे मागच्या आरशात त्याच्यावरून रस्ता दिसतो आणि वारा धरत नाही. १९५७ साली खुला झालेला मॅकिनॉ पूल आठ किलोमीटर लांब, वाऱ्याचा. त्यावरून आम्ही दोनदा गेलो. शेजारून उंच ट्रेलर डुलत चालले होते, आमचा व्हॅनच्या आडोशाला गप्प होता. वेग मी ताशी ६० मैलांच्या वर नेत नाही, कारण ट्रेलरच्या बऱ्याच टायरांची मर्यादा ६५ असते. रिव्हर्सची सगळ्यांना धास्ती वाटते. त्याला एकच युक्ती: हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. मग ट्रेलरचं मागचं टोक ज्या बाजूला न्यायचंय त्या बाजूला हात न्यायचा, बस. एखाद्या रविवारी शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये तासभर करून बघा. मी नवऱ्याआधी शिकले, आणि आजही कॅम्पग्राउंडवर ट्रेलर जागेवर मीच लावते.

आता तो २००६ चा ट्रेलर. वय ऐकून घाबरू नका, आमचा त्याहून जुना आहे. आधी बंद असताना छताच्या चारी कोपऱ्यांवरून आणि कडांवरून हात फिरवा. भेग, फुगवटा, सिलंटचे थरावर थर दिसले तर समजा की कोणीतरी गळतीशी झुंजत होतं. २००० च्या आसपासच्या काही ट्रेलरांची छतं एबीएस प्लास्टिकची आहेत, त्यांना तडे जातात, ते नीट बघा.

मग उघडायला लावा आणि आत पाऊल टाकल्याबरोबर थांबून वास घ्या. ओल्या छत्रीला घडीत राहून येतो तसा कुबट वास आला, आणि त्यावर कोणी सुगंधी फवारा मारलेला असला, तर माझ्यासाठी तिथेच विषय संपला. वास नसेल तर चपला काढून कडेकडेने चाला. दारापाशी, बाकड्यांच्या आतल्या बाजूला, सिंकखाली. पायाखाली जमीन किंचित दबली तर तिथलं प्लायवूड कुजलंय. छताच्या आतल्या कोपऱ्यांतही अंगठा दाबून बघा. नंतर सगळ्या खिडक्यांचे पडदे लावून आतून कॅनव्हासकडे उन्हात बघा. सुईएवढी भोकंसुद्धा ताऱ्यांसारखी चमकतात. चार-दोन भोकांना ठिगळ लागतं. शिवणी उसवल्या असतील किंवा काळी बुरशी पसरली असेल तर नवा कॅनव्हास हजार डॉलरच्या वर जातो, आणि जुन्या ट्रेलरची किंमतच अनेकदा तेवढी असते.

उचलणारी यंत्रणा म्हणजे स्टीलच्या तारेचे दोर आणि कप्प्या. छत वर जाताना चारी कोपरे बरोबरीने चढतायत का ते बघा. एक कोपरा मागे राहत असेल किंवा दोराचे तंतू सुटलेले दिसले, तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करा. टायरवर चार आकडी तारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांवरचे टायर नक्षी कितीही कोरी दिसली तरी बदला, ट्रेलरचे टायर झिजून नाही, उभे राहून म्हातारे होतात. बेअरिंगला ग्रीस कधी भरलं ते विचारा, उत्तर अडखळत आलं तर पहिल्या सहलीआधी भरून घ्या. वाटेत थांबाल तेव्हा चाकाच्या मधल्या भागाला हात लावत जा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर पुढे जायचं नाही. आणि टायटलचा, म्हणजे मालकीचा, कागद विकणाऱ्याच्याच नावावर असू दे.

फ्रिज चालत नसला तरी माझं मत बदलणार नाही. आम्ही तीन उन्हाळे थंड पेटी आणि बर्फावर काढले.

उभा करायला आता आम्हाला पंचवीस मिनिटं लागतात, पहिल्या वेळी दीड तास लागला होता. क्रम चुकवायचा नाही, एवढंच पथ्य. ट्रेलर गाडीला जोडलेला असतानाच डावी-उजवी पातळी बघायची आणि ज्या बाजूला उतार आहे तिथल्या चाकाखाली फळी घालायची. मग चाकांच्या पुढे-मागे ठोकळे. त्यानंतरच गाडीपासून सोडवायचा आणि पुढच्या जॅकने पुढची-मागची पातळी साधायची. माझ्याकडे या कामाला एक वाटी आहे, स्टीलची, तळ सपाट असलेली. फरशीवर ठेवून अर्धी पाण्याने भरली की पाण्याची रेघ काय ते सांगते. पातळी महत्त्वाची, कारण गॅसवर चालणारा फ्रिज कलत्या जागी नीट चालत नाही. पुढे चार कोपऱ्यांचे पाय टेकवायचे. हे पाय ट्रेलर डुलू नये म्हणून असतात, उचलायला नाहीत. जोर लावून उचलाल तर सांगाडा पिळतो आणि दार लागेनासं होतं. मग छताच्या चारी खिट्ट्या उघडायच्या. चारी, मोठ्याने मोजून. एक लागलेली राहिली आणि हँडल फिरवलं तर दोर तुटतो किंवा खांब वाकतो. हे मोजायचं काम आमच्याकडे धाकट्याचं आहे, तो "चार!" ओरडल्याशिवाय कोणी हँडलला हात लावत नाही. छत पूर्ण वर गेलं की पलंग ओढायचे आणि लगेच खालचे टेकू लावायचे, ते लागेपर्यंत पलंगावर कोणीही चढायचं नाही. मुलं अगदी याच क्षणी उडी मारायला टपलेली असतात.

रात्री थंडी असली तरी कॅनव्हासची एखादी खिडकी दोन बोटं उघडी ठेवा. सहा माणसांच्या श्वासानेच आतून पाणी सुटतं. आणि ऊब यावी म्हणून शेगडी कधीही पेटती ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म जुना असेल तर पहिल्या दिवशी नवा बसवा. सरपण घरून नेऊ नका, तिथेच विकत घ्या. ॲश झाडांना मारणारा किडा २००२ मध्ये तुमच्या डेट्रॉइटजवळच पहिल्यांदा सापडला होता, आणि तो लाकडाबरोबर राज्यभर फिरला.

आता पुन्हा पाण्याकडे, कारण खरी परीक्षा परतीच्या दिवशी असते. दुसऱ्या वर्षी लडिंग्टनला पहाटे चारपासून पाऊस लागला. मुलांना सोमवारी शाळा, थांबणं शक्य नव्हतं. छत खाली आणताना मी भिजलेला कॅनव्हास कोपऱ्याकोपऱ्यातून आत कोंबत होते आणि पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. घरी आलो, ट्रेलर गॅरेजमध्ये ढकलला आणि "शनिवारी बघू" म्हटलं. पाच दिवस. शनिवारी उघडला तर पलंगाच्या वरच्या कॅनव्हासवर, फोडणीतली मोहरी उडून चिकटावी तसे काळे ठिपके, शेकड्यांनी. ब्लीच लावायचं नाही, त्याने कापडाची पाणी अडवायची ताकद जाते. सौम्य साबण, मऊ ब्रश, मग व्हिनेगरचं पाणी आणि दोन दिवस कडक ऊन. ठिपके फिके झाले, गेले नाहीत. वास पूर्ण हंगाम राहिला.

तेव्हापासून ओला बांधला तर चोवीस तासांत उघडायचाच, रात्र असली तरी. सोसायटीच्या नियमात ड्राइव्हवेवर ट्रेलर उभा करायला बंदी असेल तर हे आधी विचारून घ्या. आमच्याकडे अठ्ठेचाळीस तासांची सूट आहे, आणि ती आम्हाला पुरते. गाद्या ओल्या कॅनव्हासखाली ठेवून आणू नका, गाडीत टाका. हिवाळ्याआधी नळ आणि टाकी रिकामी करून नळांत गुलाबी अँटिफ्रीझ (गोठून नळ फुटू नयेत म्हणून घालायचं द्रव), बॅटरी आणि गाद्या घरात, खालच्या भोकांत उंदीर शिरू नयेत म्हणून स्टीलवूल, छतावर बर्फ साचू द्यायचं नाही.

शनिवारी निघण्याआधी विकणाऱ्याला फोन करा आणि सांगा की ट्रेलर आमच्यासाठी उघडून, हवा देऊन ठेवू नका. तो बंद असतानाच बघायचाय, आणि छत वर घेताना हँडल तुम्ही स्वतः फिरवणार आहात. शुक्रवारी पाऊस झाला तर बेत पुढे ढकलू नका, उलट आवर्जून जा.