तांत्रिक गटाच्या बैठकीत स्लाइड कशा वापराव्यात?

तुमची अडचण अशी दिसते: गटातले सगळे जाणकार, बैठक तासाभराची, प्रत्येक जण स्लाइडची चळत घेऊन येतो आणि शेवटी ठरत काहीच नाही.

माझ्या मते, जी स्लाइड बघून गटाला काही ठरवायचं नाही, ती बैठकीत नकोच. ती माहिती आधी टिपणात पाठवा. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफच्या १९९८ च्या नियमावलीत (आरएफसी २४१८) कागदपत्रं बैठकीच्या दोन आठवडे आधी मिळावीत असं सुचवलंय. बैठकीत ठरलेलंही नंतर ईमेलवर सगळ्या गटापुढे ठेवायचं असतं. आपल्याकडे दोन आठवडे आधी पाठवलेलं कोण वाचतं म्हणा! दोन पानांचं टिपण द्या आणि बैठकीच्या सुरुवातीला पाच मिनिटं सगळ्यांना गप्प बसून ते वाचू द्या.

मी सांगलीत पुराच्या इशाऱ्यांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका छोट्या गटात आहे. आमच्याकडे पहिली स्लाइड ठरलेली असायची: ‘कृष्णा खोरे : पार्श्वभूमी’. कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट), २०१९ च्या महापुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर, वगैरे. सांगलीकराला हे सांगायचं म्हणजे नमनाला घडाभर तेल. शिवाय ‘२०१९’ दिसलं की जो तो आपल्या घरात पाणी कुठवर आलं होतं ते सांगत बसतो.

आता स्लाइडचं शीर्षकच प्रश्न असतो: ‘आयर्विन पुलाजवळच्या पातळीच्या अंदाजात वारणा नदीचं पाणी धरायचं का?’ खाली एकच आलेख, पाण्याच्या पातळीचा. त्यावर दोन आडव्या रेषा: ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. बाजूला दोन पर्याय. प्रोग्रॅमिंग करणारी मुलं म्हणतात, वारणा कृष्णेला हरिपूरला मिळते, म्हणजे पुलाच्या खालच्या अंगाला. मग ती कशाला? त्यावर निवृत्त अभियंते काका उठतात, पडद्यावरच्या त्या आलेखावर बोट ठेवतात आणि सांगतात, ‘वारणा फुगली की कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं तुंबतं. ही चढण बघा की!’ हा वाद व्हावा म्हणूनच ती स्लाइड. मुद्द्यांची जंत्री लावली असती तर काका डुलक्या काढत राहिले असते.

स्लाइडवर क्रमांक टाका, नाहीतर ऑनलाइन आलेला माणूस ‘मघाचा तो निळा आलेख’ शोधत बसतो. अक्षर मोठं हवं, हे काय सांगायचं. पीडीएफ सगळ्यांकडे आधीच असू द्या. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो.

आणि प्रत्येक प्रश्नाच्या स्लाइडवर तळाशी ‘ठरलं :’ एवढं लिहून पुढं मोकळी जागा सोडा. ती सगळ्यांसमोर, तिथल्या तिथं टाइप करून भरायची. शब्दरचनेवरून कुरबुर होते तेव्हा कळतं, की मघाशी मान हलवणाऱ्यांतल्या निम्म्यांनी वेगळंच काहीतरी ऐकलं होतं.