कोकण रेल्वेला समुद्राकडे जाणारे फाटे का नाहीत, आणि इतक्या स्थानकांच्या नावात ‘रोड’ का?

प्रश्नाचा दुसरा भाग आधी उरकतो. गाव रुळांपासून लांब असले की गावाकडे जाणारा रस्ता जिथे सापडतो त्या स्थानकाच्या नावाला ‘रोड’ जोडायचा, ही रेल्वेची ब्रिटिश काळापासूनची पद्धत आहे. राजापूर रोड, संगमेश्वर रोड, वैभववाडी रोड ही त्याच वळणाची नावे आहेत. सावंतवाडी रोडवर उतरणारा प्रवासी प्रत्यक्षात मळगावात उतरतो. गोरेगाव रोडच्या बाबतीत मुंबईच्या गोरेगावाशी घोटाळा होऊ नये हाही हेतू असावा, पण हा माझा तर्क आहे.

फाट्यांचा प्रश्न मात्र आमच्या घरात वीस वर्षे गाजला, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

कोकणात फाटेच नाहीत हे तुमचे म्हणणे दक्षिण कोकणापुरते खरे आहे. उत्तरेकडे खोपोलीचा फाटा 1856 पासून आहे. बोरघाटात तेव्हा रूळ नव्हते, त्यामुळे मुंबईहून आलेले लोक खोपोलीला उतरत आणि पालखीने, तट्टावर किंवा पायी घाट चढून खंडाळा गाठत. 1863 मध्ये घाटातून गाडी सुरू झाली आणि फाट्याचे मूळ प्रयोजन संपले, तरी कर्जत–खोपोली लोकल आजही पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी करत जाते. नेरळ–माथेरानची छोटी गाडी 1907 ची. पेणहून थळच्या खत कारखान्याकडे मालगाडीचा मार्ग आहे. उरणच्या बाजूला मालगाड्या आधीपासून होत्या, प्रवासी लोकल मात्र उरणपर्यंत पोहोचायला जानेवारी 2024 उजाडला. या यादीतला प्रत्येक फाटा घाट, थंड हवेचे ठिकाण, कारखाना, बंदर किंवा महानगराची वाढ अशा कशाच्या तरी ओढीने झाला आहे. गावाची सोय व्हावी एवढ्याच कारणाने कोणी रूळ टाकलेले नाहीत.

आमचे घर देवगड तालुक्यात. जवळचे स्थानक नांदगाव रोड, म्हणजे तळेबाजार, शिरगाव या रस्त्याने सुमारे 40 किलोमीटर. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू, निवृत्त प्राथमिक शिक्षक होते आणि नांदगाव–देवगड फाट्यासाठी त्यांनी चौदा अर्ज केले होते. ते बॅरिस्टर नाथ पै आणि मधू दंडवते यांच्या राजापूर मतदारसंघातले मतदार. कोकणात रेल्वे आणायची तर ती आधी कागदावर आणावी लागते, हे त्यांनी या दोघांकडे पाहून मनाशी पक्के केले होते. दंडवते रेल्वेमंत्री असताना आपटा–रोहा मार्गाला हात लागला आणि 1986 मध्ये रोह्याला गाडी आली, हे ते घरातल्या कार्याची हकीकत सांगावी तसे सांगत. प्रत्येक अर्जाची कार्बन प्रत, तिला टाचलेला पट्टीने आखलेला नकाशा आणि पोचपावती असे सगळे एका पत्र्याच्या पेटीत असे.

मी 1991 मध्ये डिप्लोमा करून एका ठेकेदाराकडे पाच महिने होतो आणि कणकवली तालुक्यात लेव्हलिंगचा स्टाफ, म्हणजे जमिनीची उंची मोजायची आकडे आखलेली उंच पट्टी, धरत होतो. दुर्बिणीला डोळा लावलेला माणूस खूण करील तसा तो बारा फुटी स्टाफ सावकाश पुढेमागे झुलवायचा, सर्वांत कमी वाचन आले की तो आकडा वहीत जायचा, आणि मग व्हाळ ओलांडून पुढच्या कातळावर. या एवढ्या कामाच्या जोरावर मी घरी येऊन आप्पांना सांगितले की तुमचा फाटा अशक्य आहे. कोकण रेल्वेचा चढ 150 मीटरला 1 मीटरपेक्षा जास्त ठेवलेला नाही आणि वळणाची त्रिज्या 1250 मीटरच्या खाली नेलेली नाही. खाड्या मुखाशी रुंद असतात म्हणून मार्ग सह्याद्रीच्या पायथ्याकडे सरकवला, तेव्हा डोंगर आडवे आले. त्यातून 91 बोगदे झाले, करबुड्याचा एकटाच साडेसहा किलोमीटरचा, आणि रत्नागिरीजवळ पानवलचा 64 मीटर उंचीचा पूल उभा राहिला. हे सगळे करून गाडी सरळ धावते. ती सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, उतरवून देवगडच्या बंदरावर नेणे या आकड्यांत बसतच नाही, असे मी ठासून सांगितले. आप्पा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

खरी गंमत 2009 च्या मे महिन्यात झाली. आप्पांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन मुंबईत झाले होते आणि मी त्यांना घेऊन पॅसेंजरने नांदगाव रोडला उतरलो. डोळ्यावर हिरवी झापड, हातात पिशवी. बाहेर देवगडची बस उभी असलेली मला दिसत होती. आप्पा मात्र फलाटाच्या टोकाकडे चालू लागले. मी हाका मारतो आहे आणि ते शेवटच्या दिव्याखाली उभे राहून पश्चिमेकडे हात करून सांगत आहेत, “हयसून फाटो सुटतलो.” लूप लाइन कुठे वाढवायची, इंजिन कुठे फिरवायचे हेही त्यांनी एका डोळ्याने पाहून ठरवले. आम्ही बाहेर आलो तोवर बस गेलेली होती आणि ती शेवटची होती.

रिक्षाने तिठ्यावर येऊन आम्ही एका बंद होत आलेल्या चहाच्या टपरीच्या बाकावर बसलो आणि दोन तास भांडलो. माझे म्हणणे असे की माणसाला रूळ नको असतात, घरी पोहोचायचे असते. प्रत्येक गाडीला जोडून एक बस ठेवली तर फाट्याच्या खर्चाच्या शतांशात देवगड, मालवण, विजयदुर्ग तिन्हीची सोय होईल. त्यांनी एवढेच उत्तर दिले, “बस बंद करूक येता. रूळ कोण उखडतलो?” आणि पुढे खोपोली. दीडशे वर्षांपूर्वी काम संपलेला फाटा अजून चालतो, मग आमचा का नाही चालणार? मी आंब्याकडे वळलो. फाटा झाला तरी पेटी बागेतून स्थानकावर, तिथून डब्यात, मुंबईत पुन्हा टेम्पोत चढणार आणि प्रत्येक चढउतारात मार खाणार. ट्रक संध्याकाळी बागेत भरतो आणि पहाटे वाशीला रिकामा होतो. त्याच वेळी वाशीहून रिकामे क्रेट घेऊन परतणारा एक टेम्पो थांबला. आप्पा केबिनमध्ये, मी मागे पेंढ्यात. टेम्पोने आम्हाला थेट दारात सोडले. हा मुद्दा माझ्या बाजूचा होता, पण रात्री अकरा वाजता तो मांडण्यात अर्थ नव्हता.

रूळ कोणी उखडत नाही, हे त्यांचे वाक्य चुकीचे होते, हे मला नंतर कळले. साष्टीत अंधेरीहून तुर्भ्यापर्यंत, म्हणजे आजच्या ट्रॉम्बेपर्यंत, 1928 मध्ये एक मार्ग सुरू झाला आणि 1934 मध्ये तो बंदही झाला. आज त्याचा मागमूस नाही. हे उत्तर हाती लागले तेव्हा ऐकायला आप्पा नव्हते, म्हणून इथे लिहून ठेवतो.

तुमच्या प्रश्नाचे माझ्या मते खरे उत्तर पैशात आहे. कोकण रेल्वे महामंडळ 1990 मध्ये स्थापन झाले तेव्हा भांडवलात केंद्राचा वाटा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकाचा 15, गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकी 6 होता, आणि बाकीचा मोठा पैसा रोख्यांतून उभा केला गेला. रोख्यांवर व्याज द्यावे लागते. अशा महामंडळाने वर्षातून दोन महिने आंबा आणि गणपतीला चाकरमानी एवढ्या मिळकतीवर बोगदे खणत 40 किलोमीटरचा फाटा टाकावा ही अपेक्षाच भाबडी आहे. वैभववाडी–कोल्हापूर आणि चिपळूण–कराड या मार्गांना तर बंदर आणि घाटावरचा देश जोडण्याचे सबळ कारण आहे, तरीही त्यांच्यावरून अजून एकही गाडी धावलेली नाही. तुम्ही मालवण किंवा देवगडच्या फाट्यासाठी सह्या गोळा करत असाल, तर त्याच कागदावर गाडीला जोडून बस मागा. ती मिळू शकते.

एक गोष्ट मात्र शेवटी सांगायला हवी. 1:150 ही मुख्य मार्गासाठी ठरवलेली मर्यादा आहे. फाट्याला त्याहून बराच तीव्र चढ चालतो, माथेरानची गाडी तर 1:20 चढते. म्हणजे ‘महाग’ म्हणायचे तिथे मी ‘अशक्य’ म्हणालो होतो, आणि 1991 मध्येही मला तो फरक ठाऊक होता. आप्पांच्या पश्चात पेटी उघडली तेव्हा चौदाव्या अर्जाच्या नकाशावर शिरगावच्या पुढे, उताराच्या जागी, समासात पेन्सिलने लिहिलेले सापडले: ‘बोरघाट 1:37’. कागदावरची तारीख त्या तिठ्यावरच्या रात्रीच्या तीन वर्षे आधीची होती.