बटाटा बाहेर पाठवताना नियमांतून सूट घ्यायची असेल तर

हे बघ, आयडाहोत पहिल्यांदाच बटाटा लावतोयस ना, तर आधी एक समजून घे, 1937 च्या अमेरिकी शेतमाल विक्री कायद्याखाली जी मार्केटिंग ऑर्डर (माल विकण्याचा सरकारी नियम) आहे तिचे ग्रेड, साईज, इन्स्पेक्शनचे नियम मुख्यतः ताज्या विक्रीच्या मालाला आहेत. बियाणं, जनावरांचं खाद्य, धर्मादाय, प्रोसेसिंग यांना वेगळी सूट असते, थोड्या मालालाही असते, पण किती पाउंडापर्यंत ते ही ऑर्डर चालवणाऱ्या कमिटीला विचारूनच ठरव, कारण हंगामात बदल होऊ शकतो. आणि खरंच सांगतो, परवानगीचा कागद गाडी भरायच्या आधी हातात पाहिजे, नंतर धावपळ करून उपयोग नाही. प्रोसेसिंगच्या नावानं निघालेला माल चुकूनही ताज्या बाजारात वळवू नकोस रे. कुठे, किती गेला, सगळी पावती जपून ठेव.