अनोळखी माणसाचा हात धरून बसा म्हणणाऱ्या कलाकाराला नेमकं काय हवं असतं?

तुम्ही लिहिलंय की पणजीतल्या एका प्रदर्शनात मातीची शिल्पं होती, हातांचे मोठमोठे फोटो होते आणि शेवटच्या खोलीत अनोळखी माणसाचा हात धरून दहा मिनिटं बसायला सांगत होते. तुम्ही नको म्हणून बाहेर आलात. आता वाटतंय, आपलं काही हुकलं का? आणि मुळात याला कला का म्हणायचं?

हुकलं काही नाही. नको म्हणता येणं हा अशा कामाचा पायाच आहे. स्वतःचं शरीर हेच माध्यम मानणाऱ्या कलाकार मरीना आब्रामोविच यांनी १९७४ साली नेपल्समध्ये टेबलावर ७२ वस्तू मांडल्या. त्यात गुलाब, पीस, मध होता, तशीच कात्री आणि गोळीसकट पिस्तूलही होतं. या वस्तू माझ्यावर हव्या तशा वापरा, असं लोकांना सांगून त्या सहा तास नुसत्या उभ्या राहिल्या. आधी लोक बिचकत होते. मग कुणी कपडे कापले, आणि शेवटी कुणीतरी पिस्तूल त्यांच्यावरच रोखलं. एका बाजूचा नकार आधीच काढून घेतला की माणसं कुठवर जातात, ते त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. त्याच आब्रामोविच २०१० साली न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात रोज खुर्चीवर गप्प बसायच्या. समोरच्या खुर्चीत ज्याला वाटेल त्याने यावं, वाटेल तेव्हा उठावं. दीड हजारांवर माणसं बसून गेली, कित्येक रडली. सुरुवातीला मध्ये टेबल होतं, पुढे त्यांनी ते काढायला लावलं. मला या सगळ्यात ते टेबल काढणं फार मोठं वाटतं. मार्को आनेल्ली या छायाचित्रकाराने समोर बसलेल्या प्रत्येकाचा चेहरा टिपला. ते फोटो बघाच.

आता माझं सांगते. आमच्या घरची गणपतीची चित्रशाळा, म्हणजे मूर्ती घडवण्याची जागा आहे, त्यामुळे चिकणमाती मला लहानपणापासून ओळखीची. तरीही काही वर्षांपूर्वी एका कलाकाराने मला आणि एका अनोळखी बाईला समोरासमोर बसवून दोघींच्या तळव्यांमध्ये मातीचा गोळा ठेवला, तेव्हा मी अवघडले. त्या निवृत्त नर्स होत्या. बसल्या बसल्या म्हणाल्या, "तुजे हात इतले थंड कित्याक गो?" (तुझे हात इतके गार का गं?) मला उत्तर सुचेना. पाचेक मिनिटांनी जाणवलं की त्या डाव्या अंगठ्याने दाबतच नाहीत. सांधा धरला होता. मी त्या बाजूचा जोर कमी केला, त्यांना ते कळलं, आणि त्यांनी उजवा हात थोडा सैल सोडला. बोललो काहीच नाही. हात काढले तेव्हा गोळा मध्ये भाकरीसारखा पातळ झाला होता, कडेला जाड. एका अंगावर माझ्या तळव्याच्या रेषा, दुसऱ्या अंगावर त्यांच्या, आणि डावीकडे अंगठ्याच्या जागी नुसता गुळगुळीत उंचवटा. मूर्ती घडवताना बाबा ओल्या फडक्याने बोटांचे ठसे पुसून टाकतात, कारण देवावर आपली बोटं दिसू नयेत. इथे ठसे हेच शिल्प होतं. मग कलाकाराने विचारून आमच्या माती लागलेल्या हातांचा फोटो काढला, चेहरे न घेता.

म्हणून माझं मत असं: या मंडळींच्या लेखी जवळीक म्हणजे आपल्या ताब्यातली एखादी गोष्ट समोरच्याच्या भरवशावर सोडणं. स्पर्श हा त्याचा एक मार्ग, आणि तो नसला तरी चालतं. कलाकार फेलिक्स गोन्झालेस-तोरेस यांचा जोडीदार रॉस १९९१ साली एड्सने गेला. त्याच वर्षी त्यांनी रॉसचं 'व्यक्तिचित्र' केलं: रंगीत कागदातल्या गोड गोळ्यांचा कोपऱ्यात ढीग, ढिगाचं आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे साधारण ७९ किलो. येणाऱ्याने एक गोळी उचलून तोंडात टाकायची. ढीग खंगत जातो, आणि संग्रहालय तो पुन्हा भरू शकतं. त्याच वर्षीचा त्यांचा फोटो आहे रिकाम्या पलंगाचा, दोन उशांवर दोन डोक्यांचे खळगे. १९९२ साली तो न्यूयॉर्कमध्ये २४ ठिकाणी होर्डिंगवर लागला, एक अक्षरही न लिहिता. फोटोत माणूस नाही, तरी दोघं तिथे झोपत होती हे लहान मुलालाही कळेल.

हे सगळं परदेशी खूळ आहे असं कुणी म्हटलं की मी म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीचं फेस्त, म्हणजे तिथल्या चर्चमधला मेरीमातेचा उत्सव सांगते. बाहेर मेणाचे हात, पाय विकायला असतात. जिथे दुखतं तो अवयव घ्यायचा आणि वाहायचा. हिंदूही जातात, आमच्या घरातूनही जातात. माझी आजी गुडघ्यासाठी मेणाचा पाय पदराखाली झाकून न्यायची. आपलं दुखणं चारचौघांत हातात धरून चालणं तिला जड जायचं, तरी ती न्यायची. शिल्प, देह आणि आपला सहभाग, तिन्ही त्या एका रांगेत आहेत.

एक राग मात्र आहे, तोही सांगते. दुसऱ्या एका ठिकाणी मी अशाच कामात डोळे मिटून बसले होते आणि न विचारता माझे फोटो काढले गेले. नंतर कळलं तेव्हा घशाशी आलं. जवळीक हा विषय घेऊन माणसाला विचारायचं नाही, हे मला माफ करता येत नाही. तुम्हाला त्या खोलीत कुणी नीट समजावलं नसेल, कधीही उठा म्हणून सांगितलं नसेल, तर तुमचं बाहेर येणं बरोबरच होतं.

पुन्हा पाहावंसं वाटलं तर डिसेंबरात पणजीला सेरेंडिपिटी कला महोत्सव असतो. एरवी निखिल चोप्रा आणि सहकाऱ्यांच्या एचएच आर्ट स्पेसेसवर लक्ष ठेवा, परफॉर्मन्स आर्टचं, म्हणजे कलाकाराने स्वतः लोकांसमोर हजर राहून करायच्या कलेचं काम गोव्यात राहून करणारी ती माणसं. आधी फोटो निघणार का ते विचारा. आणि मातीचं काम असेल तर अंगठी काढून ठेवा. माझी त्या गोळ्यात रुतली होती, त्या नर्सबाईंनी नखाने हळूहळू सोडवून दिली.