तानपुरा विरघळला, तबला पट्टी सोडून गेला
घरचा स्टुडिओ : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

(बहुतेक प्रश्न ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरबद्दल आले आहेत, म्हणून मेनूंची नावं तिच्या ३ क्रमांकाच्या आवृत्तीतली आहेत. रीपर किंवा इतर सॉफ्टवेअरमध्ये नावं बदलतील, कारणं तीच राहतील.)

प्रश्न : घरी अभंग रेकॉर्ड करते. मागे पंख्याची घरघर येते म्हणून नॉइज रिडक्शन लावलं, तर घरघर थोडीच कमी झाली, पण तानपुरा पाण्याखालून वाजल्यासारखा झाला आणि आवाजाला बुडबुडे फुटल्यासारखं काहीतरी येतं. सेटिंग कुठे चुकलं? (वाचक, सांगली)

उत्तर : सेटिंगच्या आधी नमुना चुकला असणार. नॉइज रिडक्शनला आधी 'नको असलेल्या आवाजाचा' एक तुकडा दाखवावा लागतो. त्यातल्या प्रत्येक कंपनपट्ट्यात किती आवाज आहे हे ते टिपून ठेवतं आणि मग सगळ्या गाण्यात त्या मर्यादेखाली जे जे येईल ते दाबतं. तुम्ही गाणं सुरू होण्याआधीचा तुकडा निवडला असेल आणि त्यात तानपुरा सुरू असेल, तर सॉफ्टवेअरच्या लेखी तानपुरा हाच कचरा. एकसुरी, न थांबणारा, न बदलणारा : त्याच्या व्याख्येत तो अगदी चपखल बसतो. पंख्याचं उलट आहे. छताच्या पंख्याचा आवाज फेऱ्यागणिक वरखाली होतो, त्यामुळे तो नीट पकडला जात नाही आणि अर्धवट दाबल्याचे उरलेले ठिपके म्हणजे तुमचे बुडबुडे.

पुढच्या वेळी तानपुरा सुरू करण्याआधी पाच सेकंद खोली नुसती रेकॉर्ड करा, अंगावरचे दागिने न वाजवता. तो तुकडा निवडून 'गेट नॉइज प्रोफाइल' दाबा. मग पूर्ण ट्रॅक निवडून रिडक्शन ६ डेसिबल, सेन्सिटिव्हिटी ४ ते ६, फ्रीक्वेन्सी स्मूदिंग ३ इथून सुरुवात करा. ओके दाबण्याआधी 'रेसिड्यू' निवडून प्रीव्ह्यू ऐका. जे काढून टाकलं जाणार आहे तेवढंच त्यात ऐकू येतं. त्यात शब्द किंवा तानपुऱ्याची जवार कानावर आली, तर आकडे खाली आणा. १२ डेसिबलच्या वर जायची गरज पडत असेल तर पंखा बंद करून पुन्हा गाणं जास्त स्वस्त पडतं.

सगळ्यात चांगला मार्ग वेगळाच आहे. तानपुरा हेडफोनमध्ये ऐकत गा, म्हणजे ट्रॅकवर फक्त गळा येईल. तानपुरा नंतर स्वतंत्र ट्रॅकवर ठेवा. मग गळ्यावर काहीही प्रक्रिया केली तरी तानपुऱ्याला धक्का लागत नाही.

तुम्ही सोबत पाठवलेल्या क्लिपमध्ये विजेची गुणगुणही आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा, बऱ्याचदा ती तिथेच थांबते. झालेल्या रेकॉर्डिंगमधून काढायची तर 'नॉच फिल्टर' (एका ठरावीक कंपनसंख्येवर खड्डा पाडणारं) ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर लावा, पण खड्डा किती अरुंद ते ठरवणारा क्यूचा आकडा ३०च्या आसपास ठेवा. तुमची क्लिप घरच्या पुरुष गायकाची आहे आणि त्यांची पट्टी काळी एक आहे. त्या पट्टीचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ आणि कोमल रिषभ १४७ हर्ट्झ. १५०वर रुंद खड्डा पाडला तर गुणगुणीबरोबर रिषभही जाईल.

प्रश्न : दोन टेकमधल्या (दोनदा गाऊन केलेल्या रेकॉर्डिंगमधल्या) चांगल्या ओळी जोडतो. जोडाच्या जागी 'टक्' असा आवाज येतो. फेड लावला (आवाज हळूहळू उतरवला-चढवला) की टक् जातं, पण मग तिथे आवाज क्षणभर खाली बसल्यासारखा वाटतो. (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : लहर मधेच कापली की एका बाजूचं टोक वर आणि दुसरीकडचं खाली राहतं. स्पीकरचा पडदा त्या क्षणी एका जागेवरून दुसरीकडे उडी मारतो, ते टक्. म्हणून कापण्याआधी निवड करून झेड ही कळ दाबा. निवडीच्या दोन्ही कडा लहर शून्यावरून जाते त्या जवळच्या जागी सरकतात. एवढं करूनही प्रत्येक जोडावर टक् येत असेल तर ट्रॅकची मधली रेषा शून्यावर आहे का ते मोठं करून बघा. नसेल तर 'नॉर्मलाइझ' उघडून त्यातलं फक्त डीसी ऑफसेट (रेषेचं हे सरकणं) काढण्याचं खूण-घर निवडा आणि संपूर्ण ट्रॅकवर चालवा. हे कापाकापीच्या आधी करायचं. नंतर प्रत्येक तुकड्याचा ऑफसेट वेगळा निघतो.

आवाज खाली बसण्याचं कारण फेडचा आकार. एक तुकडा उतरतोय आणि दुसरा अजून चढलेला नाही, म्हणून मध्ये खळगा पडतो. दुसरी ओळ खालच्या ट्रॅकवर ठेवा, दोन्ही १० ते २० मिलिसेकंद एकमेकांवर येतील अशा सरकवा, तेवढाच भाग निवडून 'क्रॉसफेड ट्रॅक्स' लावा. दोन वेगळे टेक असतील तर 'कॉन्स्टंट पॉवर', एकाच टेकचे तुकडे असतील तर 'कॉन्स्टंट गेन'. उलट केलंत तर पहिल्यात खळगा, दुसऱ्यात फुगवटा.

कुठे कापायचं हे मात्र सॉफ्टवेअर सांगत नाही. 'प', 'त', 'क' यांच्या आधी ओठ-जीभ बंद असतात, तिथे खरी शांतता असते, तिथे कापा. 'स' किंवा 'श'च्या खरखरीतही जोड लपतो. लांबवलेल्या 'आ'मध्ये किंवा मींडेच्या पोटात कधीही कापू नका. मागे तबला असेल तर थापेच्या चार-पाच मिलिसेकंद आधी कापा, कारण थाप जोड झाकते. श्वास मात्र पूर्ण पुसू नका. तिथे ठार शून्य आलं की गाणारा खोलीतून निघून गेल्यासारखं वाटतं. ८ ते १० डेसिबल खाली आणलंत तरी पुरे.

प्रश्न : पेटीचा ट्रॅक लावून त्यावर गातो. नंतर ऐकल्यावर गाणं नेहमी मागे पडलेलं असतं. हाताने सरकवून बसवतो, पण प्रत्येक वेळी तेच. (वाचक, ठाणे)

उत्तर : आधी एक बघा : गाण्याच्या सुरुवातीला जेवढं मागे आहे तेवढंच शेवटीही आहे का? सारखंच असेल तर हा आवाज लॅपटॉपमधून बाहेर जाऊन परत आत यायला लागणारा वेळ आहे आणि तो एकदाच मोजून कायमचा वजा करता येतो.

'जनरेट'मधून 'रिदम ट्रॅक' तयार करा. हेडफोनची एक बाजू मायक्रोफोनला टेकवा आणि तो ठोका वाजत असताना नव्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. दोन्ही ट्रॅक मोठे करून एकाच ठोक्याच्या सुरुवातींमधलं अंतर मिलिसेकंदांत मोजा. मग 'एडिट', 'प्रेफरन्सेस', 'ऑडिओ सेटिंग्ज'मध्ये 'लेटन्सी कॉम्पेन्सेशन' बघा. मूळचा आकडा उणे १३० असतो. रेकॉर्डिंग अजून ४५ मिलिसेकंद मागे असेल तर उणे १७५ करा, पुढे आलं असेल तर आकडा तेवढा शून्याकडे आणा. पुन्हा एकदा मोजून खात्री करा. इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारं उपकरण), ड्रायव्हर किंवा सँपल रेट (सेकंदाला आवाज किती वेळा मोजला जातो तो आकडा) बदलला की हे परत करावं लागतं.

ब्लूटूथ हेडफोन असेल तर हा सगळा खटाटोप वाया जातो. त्याचा उशीर शंभर-दोनशे मिलिसेकंदांच्या घरात असतो आणि दर जोडणीला तो तोच असेल याची खात्री नाही. साधा तारेचा हेडफोन घ्या. गाताना स्वतःचा आवाज इंटरफेसवरच्या डायरेक्ट मॉनिटरमधून ऐका आणि सॉफ्टवेअरचं 'प्लेथ्रू' (माइकचा आवाज सॉफ्टवेअरमधून परत ऐकवणं) बंद ठेवा, नाहीतर स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकत गाल आणि आणखी मागे पडाल.

अंतर सुरुवातीला शून्य आणि पुढे वाढत जात असेल तर दुखणं वेगळं. पेटी फोनवर आणि गाणं लॅपटॉपवर रेकॉर्ड झालं असेल तर दोघांची घड्याळं नेमकी जुळत नाहीत. दशलक्षात ५० भागांचा फरक असला तरी मिनिटाला ३ मिलिसेकंद, म्हणजे दहा मिनिटांत ३०. दोन्हीकडे सुरुवातीला आणि शेवटी एक टाळी घ्या, आणि दोन टाळ्यांमधलं अंतर सारखं होईल एवढा एका ट्रॅकचा वेग 'चेंज स्पीड'ने बदला.

प्रश्न : मित्राने पाठवलेला तबला माझ्याकडे जलद आणि चढा वाजतो. माझी पट्टी पांढरी चार, आणि तबला काळी तीनलाही लागत नाही, पांढरी पाचलाही नाही. त्याच्याकडे तो बरोबर वाजतो. (वाचक, नाशिक)

उत्तर : तुम्ही सांगितलेलं लक्षण अचूक आहे, दोष सँपल रेटचा. ४४,१००वर रेकॉर्ड झालेली फाइल ४८,००० समजून वाजवली की ती जवळजवळ दीड सुरांनी, म्हणजे पेटीच्या दीड पट्टीने, चढते. ते बरोबर काळी तीन आणि पांढरी पाचच्या मध्ये पडतं. लांबीही तपासा : मित्राकडे ५ मिनिटांचा असेल तर तुमच्याकडे ४ मिनिटं ३६ सेकंदांचा दिसेल. ट्रॅकच्या नावाजवळचा मेनू उघडून 'रेट' ४४,१०० करा. 'ट्रॅक्स'मधलं 'रीसँपल' इथे वापरू नका. 'रेट' फक्त चिकटवलेली चिठ्ठी बदलतो, 'रीसँपल' चूक तशीच ठेवून नवे आकडे मांडतं. 'चेंज पिच'ने सूर खाली आणाल, पण लय जलदच राहील.

यापुढे एमपी३ ऐवजी डब्ल्यूएव्ही मागवा, सगळे ट्रॅक शून्यापासून सुरू होणारे. एमपी३ करताना सुरुवातीला थोडी शांतता जोडली जाते, साधारण २५ मिलिसेकंद किंवा जास्त, आणि सम तेवढी सरकते.

प्रश्न : जुन्या लॅपटॉपवरचा प्रोजेक्ट पेन ड्राइव्हवर आणला. उघडतो, पण सगळे ट्रॅक रिकामे. (वाचक, पणजी)

उत्तर : ऑडॅसिटी ३.० ही आवृत्ती मार्च २०२१मध्ये आली, त्याआधी .एयूपी फाइलमध्ये आवाज नसायचा, कुठला तुकडा कुठे एवढीच यादी असायची. खरा आवाज त्याच नावाच्या, शेवटी 'डेटा' लिहिलेल्या फोल्डरमध्ये असतो. जुना लॅपटॉप चालू असेल तर तो फोल्डर, नाव न बदलता, .एयूपीच्या शेजारी आणून ठेवा. नवी आवृत्ती दोन्ही मिळून एक .एयूपी३ फाइल करून घेईल. पेन ड्राइव्हवरून थेट काम करू नका, आधी हार्ड डिस्कवर उतरवा. आणि प्रोग्रॅम मधेच बंद पडल्यावर .एयूपी३च्या शेजारी 'वॉल'ने संपणारी फाइल दिसली तर ती पुसू नका. शेवटचं न जतन झालेलं काम तिच्यातच असतं.

प्रश्न : आवाज फक्त डाव्या कानात येतो. (वाचक, बंगळुरू)

उत्तर : इंटरफेसच्या पहिल्या खाचेत माइक आणि सॉफ्टवेअरमध्ये दोन चॅनेल. रेकॉर्डिंगसाठी 'मोनो' निवडा. झालेल्या ट्रॅकच्या मेनूत 'स्प्लिट स्टीरिओ टू मोनो' करून रिकामा भाग काढून टाका. दोन्ही मिसळून मोनो केलंत तर आवाज विनाकारण अर्धा होईल.