वाचक विचारतात : सगळ्यांना काहीतरी मिळतं, मला फक्त गॅस आठवतो

ताई, आमचा आठ जणांचा ग्रुप आहे, वर्षभर एकत्र प्रार्थना शिकायची असं ठरवून सुरू केलाय. आठवड्यातून एकदा भेटतो, वचन वाचतो, मग २० मिनिटं मौन आणि मग शेअरिंग. शेअरिंगमध्ये कोणाला प्रभूचा स्पर्श झालेला असतो, कोणाला डोळ्यांपुढे उजेड दिसलेला असतो, आणि माझ्या डोक्यात गॅस बंद केला का, मुलाची फी भरायचीय, परवा जाऊबाई असं का बोलल्या, हेच चालू. पाच महिने झाले. मागच्या वेळी मी चक्क खोटं सांगितलं की खूप शांत वाटलं. सोडून देऊ का?

खोटं सांगितलंत हे लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण मला विचाराल तर खरी अडचण तिथेच आहे, गॅसमध्ये नाही. गॅस सगळ्यांच्याच डोक्यात असतो. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात इव्हाग्रिअस नावाचा साधू राहायचा, त्याने प्रार्थनेला बसल्यावर छळणाऱ्या विचारांचे आठ प्रकारच पाडून ठेवलेत, खादाडपणापासून ते गर्वापर्यंत. त्यातल्या एकाचं वर्णन वाचून मला हसूच आलं होतं, म्हणजे भर दुपारी साधूला वाटायला लागतं की सूर्य जागचा हलतच नाहीये, दिवस ५० तासांचा झालाय, आणि मग तो सारखा खिडकीकडे बघतो की कोणी भेटायला येतंय का. आणि हा माणूस सगळं सोडून त्याच कामासाठी वाळवंटात गेलेला होता! आविलाची संत तेरेसा (१५१५ ते १५८२), जिला प्रार्थनेची गुरू मानतात, तिने स्वतःच लिहून ठेवलंय की कित्येक वर्षं प्रार्थनेला बसल्यावर तिचं लक्ष घड्याळाचे टोले कधी पडतात इकडेच असायचं. त्यामुळे तुम्ही चांगल्या माणसांच्या पंगतीत आहात.

मन पळतं, पळणारच, ते आपल्याला विचारून पळत नाही. पळालंय हे लक्षात आलं की परत यायचं, स्वतःवर न डाफरता, एखादं नाव किंवा शब्द धरून, ‘येशू’ म्हणा, ‘अब्बा’ म्हणजे बाबा म्हणा. २० मिनिटांत तेवढंच झालं तर झालं, ती प्रार्थनाच झाली. जिथे बिघडतं ते पुढे, म्हणजे मी कशी अशी, बाकीचे कसे छान, हा जो दुसरा कार्यक्रम आपण सुरू करतो ना, त्यात गॅसपेक्षा जास्त वेळ जातो.

आता शेअरिंगबद्दल. मला वाटतं तुमच्या ग्रुपमध्ये नकळत एक स्पर्धा सुरू झालीय, आणि कोणी वाईट आहे म्हणून नाही, तर पहिल्या माणसाने उजेड सांगितला की दुसऱ्याला साधी गोष्ट सांगायची लाज वाटते. आमच्याकडे पण हेच होतं. मग एके दिवशी एक काका, वयाने सगळ्यात मोठे, सरळ म्हणाले की मी झोपलो होतो, घोरलो असेन तर माफ करा. सगळे हसले, आणि त्यानंतर एकेक जण खरं बोलायला लागला, त्यात ज्यांना दर वेळी काहीतरी ‘दिसायचं’ त्या बाईंनी पण सांगितलं की आजकाल काही नाही, नुसतं कोरडं आहे. मला वाटतं आमचा ग्रुप त्या दिवशी सुरू झाला, त्याआधीचं वर्ष आम्ही नुसते भेटत होतो. तेव्हा पुढच्या वेळी तुम्ही काका व्हा. म्हणा, मागच्या आठवड्यात मी बरं वाटावं म्हणून बोलले, खरं म्हणजे मला गॅस आठवत होता. बघा कोण कोण सुटकेचा श्वास टाकतं.

आणि एकत्र बसायचं कशाला, घरी एकटीने का नाही, हे पण मनात येत असेल. घरी तुम्ही सातव्या मिनिटाला उठून गॅस बघून आला असता, म्हणून! बाजूला सात जण बसलेत म्हणून आपण बसून राहतो, इतकं साधं आहे ते. गेथशेमाने बागेत प्रभू पण एकटा गेला नाही, पेत्र, याकोब आणि योहानाला बरोबर घेऊन गेला, आणि ते झोपले. तासभर सुद्धा जागं राहता आलं नाही का असं विचारलं त्याने, पण त्यांना घरी पाठवलं नाही, पुन्हा पुन्हा त्यांच्याकडेच येत राहिला.

सोडायचं का, याला येशूसंघाचा संस्थापक संत इग्नाशिअसचं (१४९१ ते १५५६) उत्तर देते, माझ्यापेक्षा ते पक्कं आहे. तो म्हणतो मन कोरडं, उदास असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. उलट त्या काळात ठरलेल्या वेळेपेक्षा थोडं जास्तच बसावं. मी तुम्हाला जास्त बसायला सांगत नाही, २० मिनिटं पुष्कळ झाली, पण वर्षभराचं ठरवलंय तर वर्ष पुरं करा आणि मग एखाद्या बऱ्या दिवशी ठरवा.

आमच्या घरून विरोध आहे. म्हणतात मन रिकामं करणं हे बायबलमध्ये नाही, हे बाहेरून आणलेलं ध्यान आहे, आणि एकच शब्द परत परत म्हणणं म्हणजे मत्तय ६:७ मधली व्यर्थ बडबड. काय सांगू?

आधी हे मान्य करा की शंका अगदीच हवेतली नाही. जॉन मेन नावाच्या बेनेडिक्टाईन, म्हणजे संत बेनेडिक्टच्या मठपरंपरेतल्या, धर्मगुरूंनी १९७५ साली लंडनमध्ये ध्यानप्रार्थनेचे ग्रुप सुरू केले, ती पद्धत आज खूप ठिकाणी चालते, आणि ते स्वतः तरुणपणी मलायामध्ये एका हिंदू स्वामींकडून ध्यान शिकले होते, हे त्यांनी कधी लपवलं नाही. गंमत म्हणजे मठात गेल्यावर त्यांना ते सोडायला लावलं, त्यांनी मुकाट सोडलं, आणि बऱ्याच वर्षांनी जॉन कॅशियनचं पाचव्या शतकातलं लिखाण वाचताना त्यांना तीच गोष्ट सापडली. कॅशियनने वाळवंटातल्या साधूंकडून शिकलेलं लिहून ठेवलंय, की ७० व्या स्तोत्राचं पहिलं वचन, देवा मला सोडवायला धावून ये, एवढंच दिवसभर धरून राहायचं, कामात, जेवताना, झोप येईपर्यंत. म्हणजे ते आपल्याच घरात होतं, माळ्यावर पडलं होतं. पूर्वेकडच्या चर्चमध्ये तर ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ ही प्रार्थना शेकडो वर्षं अशीच म्हणतात, आणि तिचं मूळ लूक १८ मधल्या जकातदाराच्या हाकेत आहे. त्याला प्रभूने व्यर्थ बडबड म्हटलं नाही. मत्तय ६:७ मध्ये पुष्कळ बोललं की देव ऐकेल या समजुतीवर बोट ठेवलंय, आणि ध्यानप्रार्थनेत तर आपण बोलणं कमी करतोय.

मन रिकामं करायचं हे मात्र मी पण म्हणणार नाही. कोणाची तरी वाट बघत बसणं आणि रिकामं बसणं यात फरक आहे ना, बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. व्हॅटिकनने १९८९ मध्ये याच विषयावर एक पत्र काढलं होतं, त्यात दुसऱ्या परंपरांमधल्या उपयोगी पद्धती सरसकट नाकारलेल्या नाहीत, पण शरीराला छान शांत वाटलं म्हणजे पवित्र आत्म्याचं सांत्वन मिळालं असं समजू नका असंही बजावलंय. ते मला पूर्ण पटतं. आणि घरचे प्रोटेस्टंट असतील, हे सगळं कॅथलिक मठांचं म्हणत असतील, तर बॉनहॉफर या जर्मन पाळकाचं सांगा. लूथरन माणूस, १९३५ साली जर्मनीत फिन्केनवाल्डे इथल्या सेमिनरीत तो होणाऱ्या पाळकांना रोज अर्धा तास एकाच शास्त्रभागावर गप्प बसवायचा. त्या मुलांना पण काय करावं कळत नव्हतं, आणि बाहेरचे लोक हा मठ काढतोय म्हणून टीका करत होते. तरी चालू ठेवलं, १९३७ मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, सेमिनरी बंद करेपर्यंत.

घरी वाद मात्र घालू नका. एकदा त्यांना बोलवा, बसू द्या.

लेक्शिओ डिव्हिना, म्हणजे शास्त्रभाग सावकाश वाचत प्रार्थना, करताना आमच्यातले एक जण प्रत्येक वेळी प्रवचन देतात. ग्रीक शब्दाचा अर्थ, संदर्भ, सगळं. कसं थांबवायचं?

हे गृहस्थ प्रत्येक ग्रुपमध्ये असतात, आणि कधीकधी ते गृहस्थ म्हणजे मी असते.

बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या मठाधिपतीने याच्या चार पायऱ्या सांगितल्या, वाचन, मनन, प्रार्थना आणि मग नुसतं देवापाशी असणं. तो खाण्याची उपमा देतो, वाचन म्हणजे घास तोंडात घेणं, मनन म्हणजे चावणं, प्रार्थनेत चव उतरते, आणि शेवटची पायरी म्हणजे ती गोडीच. तुमचे गृहस्थ घास तोंडात घालून त्याची रेसिपी सांगतायत. उपाय नियमाचा आहे, त्यांना एकट्याला बोलण्याचा नाही. छोटा भाग घ्या, १३१ वं स्तोत्र घ्या, तीनच वचनं आहेत, आईपाशी निवांत झालेल्या बाळाचं. तीन-चार वेळा सावकाश वाचा, वेगवेगळ्या आवाजात, मध्ये दोन-तीन मिनिटं गप्प. पहिल्या वाचनानंतर प्रत्येकाने फक्त एक शब्द बोलायचा जो अडकला, दुसऱ्यानंतर एक वाक्य, ‘मी’ने सुरू होणारं, आणि कोणाच्या बोलण्यावर कोणी काही बोलायचं नाही, सल्ला नाही, ‘अगदी अगदी’ पण नाही. अभ्यास वाईट नाही हो, त्यासाठी वेगळा दिवस ठेवा आणि त्या दिवशी त्यांनाच शिकवायला सांगा, खूश होतील.

मौनात बसलं की गेल्या वर्षी गेलेल्या आईची आठवण येते आणि रडू आवरत नाही. कधीकधी छातीत धडधडतं, रात्री झोप लागत नाही. ग्रुपचे लीडर म्हणतात ही आत्म्याची काळोखी रात्र आहे, म्हणजे देव जाणवेनासा होतो तो काळ, बसत राहा.

रडू येतं यात काहीच चूक नाही, मौनात दाबलेलं वर येतंच, आणि ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी पण उजेड नाही, तरी ते बायबलमध्ये आहे. पण धडधड आणि झोप न लागणं याला काळोखी रात्र म्हणून मोकळं होणं मला अजिबात आवडलं नाही. सोळाव्या शतकातल्या स्पेनमधल्या संत योहान ऑफ द क्रॉसने तो शब्द वापरला तेव्हा त्यानेच इशारा दिला होता की प्रत्येक उदासी म्हणजे ती रात्र नव्हे, ती दुसऱ्या कारणाने पण येते. लीडर डॉक्टर नाहीत. तुम्ही आधी डॉक्टरांना दाखवा, दुःखावर बोलण्यासाठी समुपदेशक मिळत असेल तर तिकडेही जा, आणि तोवर मौन पाच मिनिटांवर आणा, डोळे उघडे ठेवून, किंवा नकोच, त्याऐवजी मोठ्याने स्तोत्र वाचा, चालत प्रार्थना करा. ग्रुपला सांगा की मी येईन पण मौनात बाहेर बसेन. याला ते नाही म्हणाले तर मला परत लिहा, कारण मग प्रश्न तुमच्या आईच्या आठवणीचा राहत नाही.

खुर्चीत बसलं तर चालतं का? आणि टायमर लावावा की नाही, देवापुढे घड्याळ बरं दिसत नाही.

खुर्ची चालते, पाठ टेकली तरी चालते, गुडघे दुखत असतील तर दुखवून काही पुण्य नाही. टायमर मात्र लावाच, हळू आवाजाचा. आम्ही एकदा विसरलो होतो, तर तब्बल ४० मिनिटं कोणी डोळेच उघडले नाहीत, आणि नंतर कळलं की आठही जणांना केव्हाच उठायचं होतं, प्रत्येकाला वाटत होतं बाकीच्यांना अजून बसायचं असेल.