आडव्या तेलविहिरीच्या बिल्डअपमध्ये (विहीर बंद करून वाढता दाब मोजण्याच्या चाचणीत) डेरिव्हेटिव्ह (दाब वेळेच्या लॉगप्रमाणे किती वेगाने बदलतो ती रेषा) शेवटी खाली पडला, म्हणजे साठा बंदिस्त, सगळ्या सीमा बंद असलेला, आहे का?

नाही, तेवढ्यावरून साठा बंदिस्त ठरवू नका. वर गॅस कॅप (तेलावरचा वायूचा थर) किंवा खाली जोरदार पाणी असलं तरी बिल्डअपमध्ये डेरिव्हेटिव्ह असाच पडतो, आणि आपल्या मुंबई हायच्या चुनखडीत तर गॅस कॅप आहेच. पनवेलला रोज हेच आलेख वाचतो, म्हणून सांगतो: त्याआधीचा ड्रॉडाउन (विहीर वाहती असतानाची दाबाची नोंद) काढा. लॉग-लॉग आलेखावर आधी उभ्या प्रतलातल्या रेडियल (चहूबाजूंनी विहिरीकडे येणाऱ्या) प्रवाहाचा सपाट भाग, मग लिनियर (समांतर रेषांत येणाऱ्या) प्रवाहाचा अर्ध्याचा चढ, आणि अगदी शेवटी डेरिव्हेटिव्ह एकच्या चढाने वर गेला तर सीमा बंद. तिथेही पडला तर कुठूनतरी दाबाला आधार मिळतोय. सुरुवातीचा एकचा चढ मात्र वेलबोअर स्टोरेजचा (विहिरीच्या नळीतच साठलेल्या द्रवाचा परिणाम), तो मोजू नका. अट एकच, उत्पादनाचा दर स्थिर हवा. तो वरखाली होत असेल तर आधी डीकन्व्होल्यूशन (बदलत्या दराचा परिणाम गणिताने काढून टाकणं) करून घ्या.